सिनेमाला जाणारी शाल

तो रविवार अगदी साधा होता, मित्रांनो. तसे रविवार आधीही पुष्कळ येऊन गेले होते, म्हणून मी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी तृप्ती आईला, म्हणजे वत्सलाबाईंना, न्यायला सातपूरच्या घरी आली. वाटेत दोघींनी मिसळ खाल्ली. वत्सलाबाईंनी रस्सा पुन्हा मागून घेतला आणि "लय तिखट हाय" असं म्हणत म्हणत तो संपवला. मग दोघी थिएटरात जाऊन बसल्या. दिवे मालवले, एसीची थंड हवा अंगावर आली, आणि वत्सलाबाईंनी पिशवीतून काढून मला खांद्यांवर घेतलं. मी त्याच कामासाठी त्यांच्याबरोबर जात असे. मी एक शाल आहे. बदामी रंगाची, काठाला मरून वेलबुट्टी असलेली, आता बरीच जुनी झालेली.

पडद्यावर एक माणूस वाऱ्यात विरघळत होता आणि वाऱ्यातून पुन्हा माणूस होत होता. त्याला जग वाचवायचं होतं. वाचवता वाचवता त्यानं अर्धं शहर पाडलं.

"आता हे सगळं झाडणार कोण?" वत्सलाबाई कुजबुजल्या. त्यांचं कुजबुजणं पुढच्या दोन रांगांना ऐकू जाई.

"आई, हळू."

"हळूच बोलते की. तो व्हिलन हाय ना, त्याचं म्हणणं मला पटलं बाई. दोघांनी बसून चहा पीत बोलून घेतलं असतं, तर एवढे पूल तरी वाचले असते."

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तृप्तीनं माझं एक टोक ओढून घेतलं आणि तोंडावर धरलं.

सिनेमा सुटला. बाहेर उन्हात येऊन दोघी रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. वत्सलाबाईंनी निकाल दिला, "ह्याचा पहिला भाग बरा होता. त्यात त्याची आई तरी होती. ह्यात नुसता धूर." मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "तुला कसा वाटला?"

"ठीक होता."

वत्सलाबाई माझी घडी घालत होत्या. घडी घालता घालताच म्हणाल्या, "तृप्ते, पुढल्या वेळी तू नाय आलीस तरी चालेल हं. शेजारच्या गल्लीतली लताबाई येते म्हणते माझ्यासंगं. तू एवढी पुस्तकं वाचणारी, तुला ह्या मारामाऱ्यांत काय गोडी? माझ्यापायी तुझा रविवार जातो."

तृप्तीनं हात करून रिक्षा थांबवली. "बघू," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या 'बघू'च्या पुढे बोलायला त्या दोघींना दुसरा रविवार मिळाला नाही. मंगळवारी पहाटे वत्सलाबाई झोपेतच गेल्या.

आता मी तुम्हाला माझी गोष्ट पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका गिरणीत झाला. मला कुणी हातमागावर विणलं नाही, माझ्यावर कुणी महिनोन् महिने कशिदा काढला नाही. यंत्रातून एक लांबच लांब कापड बाहेर पडत होतं, त्याचे तुकडे झाले आणि त्यातला एक तुकडा मी. माझ्यात थोडी लोकर आहे आणि बाकीचं काय आहे ते विचारू नका. माझ्यासारख्याच दिसणाऱ्या बहिणींबरोबर गठ्ठ्यात बांधून मी नाशिकला आले आणि रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात उतरले. दुकानदार आम्हाला 'सत्काराचा माल' म्हणायचा.

सत्काराच्या शालीचं आयुष्य फार थोडं असतं. पाहुण्याच्या खांद्यावर पडायचं, टाळ्या ऐकायच्या, फोटो निघेपर्यंत थांबायचं. पाहुणा लगेच आपल्याला काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवतो. घरी गेल्यावर आपण कपाटात जातो. पुढे त्या घरातल्या कुणाला दुसऱ्या कुणाचा सत्कार करायचा असला, की आपण पुन्हा बाहेर पडतो. अशा कितीतरी शाली घराघरांतून फिरत असतात आणि थंडी कशी असते ते त्यांना ठाऊकच नसतं.

मी पडले ती वत्सलाबाईंच्या यजमानांच्या, धोंडीरामांच्या खांद्यावर. सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभं राहून ते निवृत्त झाले, तेव्हा साहेबांनी मला त्यांच्या अंगावर घातलं आणि हातात नारळ दिला. धोंडीरामांनी भाषण केलं नाही. नुसते हात जोडले. घरी आल्यावर वत्सलाबाईंनी नारळाची चटणी केली आणि मला कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. तिथं माझ्याच रंगाच्या आणखी काही शाली होत्या. मला वाटलं, आता माझी पाळी येईपर्यंत इथंच राहायचं.

पण माझं नशीब एका सिनेमानं बदललं.

धोंडीराम-वत्सलाबाईंची लेक तृप्ती सिन्नरच्या कॉलेजात मराठी शिकवते आणि गंगापूर रोडला राहते. एका रविवारी ती आईला पहिल्यांदा मॉलमधल्या थिएटरात घेऊन गेली. वत्सलाबाई परत आल्या त्या शिंकतच. "अहो, काय ती थंडी! ती माणसं पडद्यावर बर्फात भांडत होती आणि मी खाली गारठले." पुढच्या रविवारी त्यांनी कपाट उघडलं आणि मला खाली ओढलं.

"अगं, ती माझ्या निरोपाची आहे," धोंडीराम म्हणाले.

"तुम्ही निरोप घेतला ना? मग आता मी शाल घेते. तुम्ही पण चला की."

"मी कशाला? मी तिथं झोपणार. घोरायला लागलो तर लोक म्हणतील, आवाज पडद्यातून येतोय."

तेव्हापासून मी सिनेमाला जाऊ लागले. मित्रांनो, सत्काराच्या शालीला याहून मोठा मान मिळत नाही. मी उडणारी माणसं पाहिली. समुद्रातून बाहेर येणारे राक्षस पाहिले. एका हातानं ट्रक उचलणारा दाक्षिणात्य हिरो पाहिला. त्याला बघून वत्सलाबाईंनी टाळ्या पिटल्या होत्या.

"आई, असा ट्रक उचलता येत नाही," तृप्ती म्हणाली.

"मग हिरोनं नाय उचलायचा तर कुणी, तू उचलणार?"

वत्सलाबाईंच्या मतांना धरबंध नव्हता. समुद्रातून वर आलेल्या राजकन्येचे केस कोरडे होते, ते त्यांना मुळीच पटलं नाही. एका सुपरहिरोचा घट्ट पोशाख बघून त्या म्हणाल्या, "हा अंघोळीला कसा जात असेल?" हरवलेल्या हत्तीच्या पिल्लाचं एक कार्टून त्यांना सगळ्यात आवडलं, कारण त्यात कुणी मेलं नाही. मधेच त्यांना डुलकी लागायची. जाग आली की त्या विचारायच्या, "हा कोण गं? आणि हा का रडतोय?" मग तृप्ती त्यांच्या कानाशी वाकून राहिलेली गोष्ट सांगायची. ती सांगताना तिचा श्वास मला लागायचा. खरं सांगते, वत्सलाबाईंना झोप लागली नसायची. डोळे मिटून त्या वाट बघत असायच्या, कधी लेक वाकून सांगते याची. त्यांची मान खांद्यावर खरी पडली की खोटी, यातला फरक मला कळायचा.

माझी स्वतःची एक पारख होती. सिनेमा कंटाळवाणा असला की वत्सलाबाई मला सारख्या अंगाशी ओढायच्या, टोकं आवळायच्या, पाय वर घेऊन पायांवर टाकायच्या. सिनेमा रंगला की मी त्यांच्या खांद्यावरून हळूहळू घसरायचे आणि त्यांना पत्ता नसायचा. ज्या दिवशी मी पार जमिनीवर, लाह्यांच्या कचऱ्यात पडलेली असायचे, त्या दिवशीचा सिनेमा उत्तम समजावा.

तृप्तीचं मात्र कुणाला काही कळत नसे. ती सरळ बसायची, हात मांडीवर ठेवून. घरी असो की कॉलेजात, तिचं बोलणं मोजकं. आईनं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे, 'ठीक होता'. वत्सलाबाई त्याला सरकारी शिक्का म्हणायच्या.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती. ती वत्सलाबाईंना कधीच समजली नाही.

एकदा आम्ही एक कौटुंबिक सिनेमा पाहिला. भाऊ-भाऊ वाटणीवरून भांडतात, आणि शेवटी सगळे एका पंगतीला बसून हसत जेवतात, असा. वत्सलाबाई आधी भरपूर रडल्या आणि मग रडवलं म्हणून सिनेमावर चिडल्या. "एवढी माणसं जेवली, मग भांडी कुणी घासली ते नाय दाखवलं मेल्यांनी. आमच्याकडं वाटणी झाली तेव्हा चमच्यांवरून महिनाभर अबोला होता. गाणं कुणीच म्हटलं नाय." तृप्तीनं माझं टोक ओढून घेतलं. वत्सलाबाईंना वाटलं, लेकीला थंडी वाजतेय. त्यांनी मला आणखी सरकवून दोघींच्या अंगावर पसरलं. पण तृप्तीला थंडी वाजत नव्हती. ती हसत होती. तोंड माझ्यात खुपसून, खांदे हलू न देता. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ते पाणीही मीच टिपलं.

"सर्दी झाली का गं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"एसीनं," ती म्हणाली.

मला सांगता आलं असतं तर मी तिथंच सांगितलं असतं. पण शालीला ऐकता येतं, टिपता येतं. बोलता येत नाही.

मग तो मंगळवार आला. रविवारपासून मी खुर्चीच्या पाठीवर तशीच होते. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. तृप्ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायची आणि आल्यागेल्याशी नीट बोलायची, चहा द्यायची. सगळे गेले की मला उचलून मांडीवर घ्यायची. माझ्या घडीत अजून खोबरेल तेलाचा आणि लाह्यांवरच्या लोण्याचा वास होता.

तेराव्यानंतर धोंडीरामांना काय करावं ते सुचेना. आयुष्यभर यंत्र पुसून ठेवलेला माणूस. त्यांनी घर पुसायला घेतलं. डबे घासले, पडदे धुतले, आणि घरातले सगळे गरम कपडे लॉन्ड्रीत दिले. त्यात मीही गेले. परत आले ती इस्त्री होऊन, करकरीत घडी घातलेली, पारदर्शक पिशवीत. माझा वास गेला होता. धोंडीरामांनी मला कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं, माझ्या जुन्या बहिणींबरोबर. तृप्तीनं ते पाहिलं. पिशवीवरून एकदा हात फिरवला. वडिलांना ती एका शब्दानंही बोलली नाही.

आणि तिथंच घोटाळा झाला, मित्रांनो. मी कोरी दिसू लागले.

संक्रांतीला कॉलनीच्या महिला मंडळानं तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला होता. त्यात कॉलनीतल्या सगळ्यांत वयस्कर बाईचा, भागीबाईंचा सत्कार होता. आदल्या दिवशी लताबाई शेजारच्या गल्लीतून आल्या. "भाऊ, घरात एखादी कोरी शाल आहे का हो? आता दुकानात कुठं पळू?" आपल्याकडे हे असंच चालतं. शाल घरातून निघते, नारळ तेवढा नवा आणतात. धोंडीरामांनी कपाट उघडलं. सगळ्या शाली बदामी, सगळ्या पिशव्यांत. हाताला आली ती त्यांनी दिली. मी ओरडून सांगणार तरी कशी?

दुसऱ्या दिवशी मी भागीबाईंच्या खांद्यावर पडले. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. पण भागीबाईंनी मला काढून ठेवलं नाही. त्या मला तशाच पांघरून घरी गेल्या आणि रोज सकाळी मला घेऊन ओट्यावर उन्हाला बसू लागल्या. बाई मायाळू होत्या. माझं तिथं काही वाईट चाललं नव्हतं. पण रविवार आला की मला उगीच वाटायचं, आता कुणीतरी पिशवी आणेल.

अशाच एका रविवारी धोंडीराम आले. त्यांच्यामागे तृप्ती होती. तिच्या हातात एक नवी शाल होती.

"या भाऊ, बसा," भागीबाई म्हणाल्या. "पोरगी पण आली का? ये गं, तिळगूळ संपला, गूळ देते."

धोंडीराम बसले नाहीत. "भागीबाई, माझ्या हातून एक चूक झाली. ही शाल मी कोरी समजून दिली. लॉन्ड्रीच्या पिशवीत होती. परवा हिनं कपाटात शोधली, तेव्हा कळलं. मला ओळखू आली नाही." शेवटचं वाक्य ते भागीबाईंना नाही, लेकीला सांगत होते, असं मला वाटलं.

"मग? वापरलेली दिली म्हणून सांगाया आलात? माझी काय तक्रार नाय. नव्या शाली टोचतात. ही मऊ हाय."

तृप्तीनं हातातली शाल पुढे केली. "आजी, ही घ्या. चांगल्या लोकरीची आहे. आणि ती... ती मला परत मिळेल का?"

भागीबाईंनी तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "सत्काराची शाल परत मागतात व्हय? ही कुठली रीत शिकून आलीस कॉलेजातून? उद्या नारळ पण मागशील. त्याच्या वड्या केल्या मी."

"नारळ राहू द्या, आजी."

धोंडीराम हसले. वत्सलाबाई गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं आणि रुमाल काढला.

"एवढं काय हाय हिच्यात?" भागीबाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

तृप्तीनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात ही मुलगी एका कवितेवर तासभर बोलते, असं मी ऐकलं आहे. इथं तिला एक वाक्य जुळवता येईना. शेवटी म्हणाली, "आई ही घेऊन सिनेमाला यायची."

"ते काय मला ठाऊक नाय? साऱ्या गल्लीला ठाऊक हाय. रविवारी सिनेमा झाला की सोमवारी नळाला पाणी आलं रे आलं, वत्सला अख्खी गोष्ट सांगायची. कोण उडाला, कोण बुडाला, कुणाचे केस कोरडे राहिले. मी थेटरात पाय नाय ठेवला, पण मला सगळे हिरो माहीत हाईत." भागीबाईंचा हात माझ्यावरून फिरत होता. "आणि शेवटाला म्हणायची, पोरीला लय कंटाळा येतो हो ह्या सिनेमांचा. पण आईचं मन मोडत नाय. माझ्यासाठी येते बिचारी. लय गुणाची हाय."

"मलापण तेच म्हणायची," धोंडीराम म्हणाले.

तृप्ती ओट्याच्या पायरीवर खाली बसली.

भागीबाईंनी मला खांद्यावरून काढलं आणि घडी न घालता, होते तशी, तिच्या मांडीवर ठेवलं. नव्या शालीची पिशवी आपल्या बाजूला ओढून घेतली.

मित्रांनो, एवढ्यासाठीच मी तुम्हाला माझी गोष्ट सांगितली. तुमच्याही घरात वरच्या फळीवर आमच्यापैकी कुणीतरी असेल. तिला पिशवीतून बाहेर काढा. पांघरा, दुसऱ्याला अर्धी द्या, सिनेमाला न्या, मळू द्या. वापरून मऊ झालेली शाल हातात घेतली की कुणाची आहे ते लगेच कळतं. पिशवीत जपून ठेवली, की घरच्या माणसालाही ती ओळखू येत नाही.

ओट्यावर ऊन आलं होतं. तृप्तीनं मला दोन्ही हातांत धरलं. या वेळी तिनं माझं टोक तोंडावर घेतलं नाही.

"नाही, आजी," ती म्हणाली. "मला कंटाळा यायचा नाही. एकदाही आला नाही."

मग तिनं मान खाली घातली आणि माझ्याकडे बघत, भागीबाईंना आणि वडिलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती बोलली, "आई, मी तुझ्यासाठी येत नव्हते गं. माझ्यासाठी यायचे. सोमवारपासून वाट बघायचे. पडद्यावर काय चाललंय ते मला कितीदा तरी कळायचंही नाही, मी तुझंच ऐकत बसायचे. मला फार आवडायचं, आई. तुझ्या शेजारी बसायला मला फार आवडायचं."